तंत्रस्नेही सर

अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला गोडं पाणी लागत नाही, पण एखादे तंत्रस्नेही सर हमखास लागतात. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला, तेव्हापासून हे पीक जोमात आहे. आधी त्यांनी केंद्रातल्या सगळ्यांची ‘सरल’ या सरकारी पोर्टलवरची माहिती भरून दिली, मग तालुक्याच्या प्रशिक्षणात सुलभक म्हणून मिरवून घेतलं आणि शेवटी वर्गाची वेबसाईट काढली.

काढली म्हणजे फुकटातल्या गूगल साईट्सवर. पान उघडायचं, मजकूर टाकायचा, फोटो चढवायचा, ‘प्रकाशित करा’ दाबायचं. दुपारभराचं काम. सरांना उन्हाळ्याची सुट्टी पुरली नाही, कारण मुखपृष्ठ! वर शारदा, डावीकडे सावित्रीबाई, उजवीकडे गाडगेबाबा (त्यांचं जन्मगाव शेंडगाव आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं, त्यांना कसं वगळणार?), कुठूनसा कोड आणून चिकटवलेली सरकती पट्टी, लुकलुकणारं ‘नवीन’, घड्याळ आणि किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा. हा आकडा सर स्वतःच दिवसातून अनेकदा वाढवतात. इयत्ता तिसरी गाठायला अंगठा दुखेस्तोवर खाली जावं लागतं.

त्यात जुने स्वाध्याय कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले. साईटवर चिकटवले तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा नुसता खच. सरांनी सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं, अप-डाऊन सांभाळून. हे कष्ट मात्र खरे.

शिक्षण परिषदेत उद्घाटन ठरलं. केंद्रप्रमुखांनी मोबाईलवर लिंक दाबली, तर साईट म्हणते, आधी परवानगी मागा.

“साहेब, रेंज नाही जी इथं,” सर म्हणाले.

मागून एक नव्या मॅडम हळूच बोलल्या, “सर, शेअरिंग फक्त तुमच्यापुरतंच ठेवलं तुम्ही.”

चहा आधी झाला, उद्घाटन नंतर.

गावात साईट कोणी पाहत नाही. शाळा समितीचे अध्यक्ष स्पष्टच सांगतात, “साईट राहू द्या बाप्पा, गृहपाठ ग्रुपवर टाकत जा.” पण एक पान मला मनापासून आवडतं, ‘आमचे आवाज’. त्यावर तिसरीतली एक पोरगी कापूस वेचाले गेल्याची गोष्ट सांगते, मधेच बकरी ओरडते, पोरगी थांबून तिला हाकलते आणि गोष्ट पुढे नेते. बकरी कापून टाकावी असं सरांना वाटलं होतं, म्हणजे रेकॉर्डिंगमधून. ते कसं करतात हे त्यांना कळलं नाही, हे फार बरं झालं.

आणि साईटचे खरे प्रेक्षक गावात नाहीतच. ते चाकण-भोसरीला कंपनीत आहेत. साईटवरचा वर्गाचा फोटो पाहून रात्रपाळीच्या आधी एका बापाचा फोन येतो.

“सर, आमचा बावा मांगच्या लायनीत काऊन उभा हाये?”

“उंच आहे जी तो.”

“उंच? घरी तं दाराच्या कडीले हात नाही पुरत त्याचा!”

पुढच्या आठवड्याच्या फोटोत पोरगा पहिल्या रांगेत आला. मधोमध सर होतेच, नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडून. रात्री पुन्हा फोन.

“दिसला जी आता, डोयेच दिसले. तो लॅपटॉप बाजूले घ्या ना थोडासा.”