डीबीवाले नाना

नानांच्या घरी गेलं की चहाच्या आधी डीबी बघावा लागतो. दारामागे, चपलांच्या रॅकच्या वर असतो तो पांढऱ्या झाकणाचा विजेचा डबा. तुमच्या-आमच्याकडे त्यावर कॅलेंडर लटकतं. नाना झाकण असं उघडतात, जणू आत गणपती बसलाय. आत खटक्यांची, म्हणजे एमसीबींची, ओळ आणि प्रत्येकाखाली गोल, नेटक्या अक्षरातली चिठ्ठी. कोपऱ्यात तारीख आणि छोटी सही. नाना ऑडिटमधून रिटायर झालेत, बिनसहीचा कागद त्यांना बघवत नाही.

फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा झाकणाच्या आत बिल्डरच्या वायरमननं पेन्सिलीनं खरडलं होतं : 'बे. १', 'कि.', आणि एका खटक्याखाली नुसतंच प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हानं नानांची झोप उडवली, आणि रविवारी सकाळी सर्व्हे निघाला.

सर्व्हे म्हणजे नाना स्टुलावर आणि बाकीचं घर एकेका खोलीत पहाऱ्यावर. नाना खटका पाडणार, ज्याच्याकडचं जाईल त्यानं ओरडायचं.

"गेला का?"

"पंखा गेला, ट्यूब आहे!"

"एकाच खोलीचे दोन सर्किट? कुणाच्या सहीनं?"

मिक्सरमध्ये अर्धवट वाटलेली चटणी घेऊन नानी उभ्या, मुलाचं वाय-फाय मीटिंगच्या मध्यात गेलेलं. त्यात नातवाला बाथरूमवर नेमलेलं. त्याला ओरडण्यातच मजा यायला लागली, त्यामुळे दुपारपर्यंत एकट्या बाथरूमच्या खात्यावर तीन एमसीबी जमा होते. फेरतपासणी झाली.

चिठ्ठ्या मात्र वाचण्यासारख्या आहेत. 'किचन पॉवर. फ्रिज यावरच आहे, विचारल्याशिवाय पाडू नये.' 'गिझर. एसी लावला की हा पडतो असे सौ. म्हणते. तपासले, आढळले नाही.' याखालचा हिशेबही नाना तोंडी सांगतात : दोन हजार वॉटचा गिझर २३० व्होल्टवर जेमतेम पावणेनऊ अँपिअर घेतो, खटका आहे वीसचा, शिवाय एसीचा वेगळा, पडेल कशाला? प्रश्नचिन्हवाल्यानं घरातलं काहीच जात नाही. त्याच्या चिठ्ठीवर एकच शब्द : 'प्रलंबित'.

पाहुण्यानं चुकून "छान" म्हटलं की पुढचा भाग सुरू होतो. नानांचं लहानपण चाळीतलं. तिथे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. तार सारखी जळते म्हणून लोक जाडजूड तार गुंडाळायचे. फ्यूज शाबूत राहायचा आणि भिंतीतली वायर तापायची. "एमसीबी तुम्हाला वाचवायला नसतो," नाना बजावतात, "तो वायरला वाचवतो. म्हणून दिव्यांना सहा अँपिअरचा, पॉवर पॉइंटला सोळाचा. शॉक बसला तर तुम्हाला वाचवायला हा." हा म्हणजे आरसीसीबी. तीस मिलिअँपिअर गळती झाली की तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं असतं. नाना ते पाहुण्यांसमोरच दाबतात. खाट्कन अख्खं घर बंद. मुलगा आतून ओरडतो, बाथरूममध्ये कुणीतरी अंधारात हाका मारतं, आणि नाना समाधानानं म्हणतात, "बघितलंत? चालतंय!"

मला नानांचा राग यायला हवा, पण अडचण अशी की माणूस बरोबर असतो. आमच्या बिल्डिंगमध्ये ते बटण आयुष्यात एकदा तरी दाबलेले दुसरे कुणी असतील असं वाटत नाही. मीही त्यात नाही.

घरात मात्र या विद्येची किंमत शून्य. रात्री खटका पडला की नाना चष्मा शोधतात, मग टॉर्च, मग चिठ्ठी वाचायला लागतात. तोवर नानींनी अंधारात बोटानं चाचपून खाली आलेला तेवढा वर केलेला असतो. "पडलेला उचलायचा, त्यात वाचायचं काय?"

"पडलेला कुणालाही सापडतो," नाना म्हणतात. "पाडायचा कुठला, ते कळायला चिठ्ठी लागते."

ती वेळही आली. हॉलच्या पंख्याचा रेग्युलेटर बदलायला वायरमन आला. नानांनी झाकण उघडलं, 'हॉल, लाइट-पंखे' या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि बाजूला झाले. वायरमननं तिकडे बघितलंही नाही. सरळ मेन पाडला, खिशातून टेस्टर काढून पॉइंटला लावला, मग कामाला लागला.

"अहो, इथे लिहिलंय ना!"

"साहेब, लिहिलेल्यावर हात घालणारे वायरमन जास्त दिवस टिकत नाहीत."

नाना गप्प झाले. ऑडिटमध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला याच्यावर काय बोलता येणार? दुसऱ्या दिवशी मेनखाली नवी चिठ्ठी लागली होती : 'मेन. फक्त वायरमनसाठी.'