सियालदहला ग्लूटेनचं सोवळं

ऐकलंत का? आता सोवळंओवळं गव्हातल्या ग्लूटेनचं पाळतात म्हणे! तेही कुठे, तर सियालदह स्टेशनात, दार्जिलिंग मेलची वाट बघत बसलेल्या आपल्या मराठी मंडळींत. पूर्वी बंगालच्या सहलीला निघालं की एकच धसका असायचा, ताटात मासा तर येणार नाही ना? आता मासा चालतो. पोळीचं नाव काढा, वहिनी कानांवर हात ठेवतात.

डॉक्टरांनी सांगितलंय का? छे हो! रीलमध्ये पाहिलं, पोट सपाट होतं म्हणे. पर्समध्ये महागडी ग्लूटेन-फ्री बिस्किटं. सासूबाईंनी दिलेले राजगिऱ्याचे लाडू मात्र बॅगेच्या तळाशी, कारण त्यांच्यावर तसं छापलेलं नाही ना! आपल्या आज्या साबुदाणा, वरी, शिंगाड्यावर एकादश्या काढायच्या, गव्हाला शिवायच्या नाहीत, पण त्याची कधी दवंडी पिटली नाही. (बंगालमध्ये उपास जपूनच करा हं. तिथे बऱ्याच घरांत एकादशीला भात वर्ज्य आणि मैद्याची लुची खुशाल चालते.)

बरं, आलात ते भाताच्या मुलखात. स्टेशनाबाहेर झालमुरीवाला उभाच असतो. डब्यात चुरमुरे, कांदा, मिरची, उकडलेला बटाटा, खोबऱ्याचे काप, वरून कच्च्या मोहरीच्या तेलाची धार, की चमच्याने खडखड ढवळून कागदाच्या ठोंग्यात. चुरमुरे तांदळाचेच. त्यात पडणाऱ्या चनाचुराचा भरवसा नाही, तेवढं नको म्हणायचं. पण वहिनींनी नाक मुरडलं, आणि पाच मिनिटांनी त्या कुठे सापडाव्यात? काठी रोलच्या तव्यापुढे! तो पराठा अख्खा मैद्याचा. "प्रवासात एवढं चालतं गं!" मग ब्रेडच्या चुऱ्यात घोळलेला फिश फ्राय. त्यावर पांतुआ, छेन्यात मैदा मळलेली मिठाई. एवढं रिचवून चहाबरोबर पुन्हा ती बिस्किटं. धन्य!

आम्ही हसतोय खरं, पण यात मरण होतं ते सीलिएकच्या, म्हणजे ग्लूटेनने आतडं बिघडणाऱ्या, पेशंटचं. गहू काढला की सीलिएक असलेली मुलं सुधारतात, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 च्या प्रबंधात मांडलं. तेव्हापासून पथ्य तेच आहे, गहू आणि जव आयुष्यभर बंद. आपल्याकडेही पाकिटावर ग्लूटेन-फ्री छापायचं तर प्रमाण किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत लागतं. तिथे 'एवढं चालतं' कसं म्हणणार? बेगुनी, म्हणजे वांग्याची भजी, बेसनाची, ठीक. पण त्याच कढईतून आत्ताच मैद्याचा 'शिंगाडा', म्हणजे बंगाली समोसा, निघालाय. डाळ साधी, पण फोडणीच्या बांधणी हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. हे पेशंटने विचारावं, तर दुकानदार हसतो. त्याच्या डोळ्यांदेखत मघाशी एका ग्लूटेन-फ्री बाईंनी दोन रोल हाणलेले असतात!

तेव्हा हौशी मंडळींनो, हवं ते खा, पण पथ्याचं नाव घेऊन खाऊ नका. आणि ज्यांना खरंच पथ्य आहे त्यांनी साधा भात, उकडलेला बटाटा, अंडं मागावं आणि ठणकावून सांगावं, "आटा, मोयदा, शूजी, किच्छू चोलबे ना. डाक्तारेर बारोन!" डॉक्टरांनी मनाई केलीय म्हटलं की समोरचा नीट ऐकून घेतो.