गॅस संपला असणार

मिरजेहून तासगावला लग्नाला निघालो, तेव्हा मे महिन्यातले अकरा वाजले होते आणि मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. पुढे माझ्या डावीकडे मामा, मागे आत्या आणि सौ. आणि दोघींच्या मध्ये आहेराची पितळी परात. कुपवाड आलं आणि एसीच्या ब्लोअरने एक उसासा टाकून मान टाकली.

"गॅस संपला असणार," मामा म्हणाले.

मामांची दोनच निदानं आहेत. एसी बिघडला की गॅस संपला, पोट बिघडलं की गॅस झाला. दोन्हींसाठी काही उघडून बघावं लागत नाही.

बटण एकपासून चारपर्यंत फिरवून पाहिलं. वारं नाही. शेवटी काचा खाली घेतल्या आणि अख्खी एमआयडीसी आत आली : तापलेलं लोखंड, ऑइल, ट्रकचा धूर. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८च्या फेब्रुवारीत झाली, पण आम्ही मिरजकर कुपवाड काचा वर करूनच ओलांडत आलोय. त्याचा हिशोब त्या दिवशी चुकता झाला. पत्रिकेने वारा पुरेना, तेव्हा आत्यांनी परात उचलली. परातीने वारा घालायचा तर दोन्ही हात लागतात, आणि मधेमधे चालकाचं डोकंही लागतं.

रस्त्याकडेला एक ऑटो इलेक्ट्रिशियन दिसला. पत्र्याचं शेड, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची उतरंड. पोरगा विशी-बाविशीचा.

"गॅस भर रे," मामांनी आत शिरायच्या आधीच ऑर्डर दिली.

"काका, गॅस संपला तर वारं येतंय, गार येत न्हाई. हितं वारंच न्हाई की."

मामांचा चेहरा पडला. आत्यांची परात थांबली.

"चारवर तरी फिरतोय का?" त्याने मला विचारलं. एक-दोन-तीन बंद आणि फक्त चार चालू असता, तर रेझिस्टर गेला म्हणायचं. इथे चारही मुके. फ्यूज उपसून त्याने उन्हाकडे धरला. आतली तार शाबूत. मग मामांना उतरवून तो त्यांच्या जागी उताणा घुसला, पाय रस्त्यावर, डोकं ग्लोव्ह बॉक्सखाली. मोटरचा कपलर काढून टेस्टिंग लॅम्प लावला. लॅम्प लख्ख पेटला.

"करंट येतोय, अर्थ बी हाय. म्हंजे मोटरच."

कपलर परत बसवून, बटण चारवर ठेवून त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरला दोन टोले दिले. घर्र झालं आणि गार वाऱ्याचा झोत आला.

"कार्बन झिजल्यात. टोला बसला की टेकतात, मग फिरतंय. नवी मोटर मिरजेतनं आणाय लागंल. दोन तास."

घड्याळात पावणेबारा. म्हणालो, परतताना बघू. त्याने पैसे घेतले नाहीत. "नुसतं मारलंय की, साहेब."

१९३९ साली अमेरिकेत पॅकार्डने गाडीत पहिल्यांदा एसी आणला, तेव्हा तो बंद करायला गाडी थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागायचा. आमचं नेमकं उलटं, चालू करायला माणूस लागत होता. मोटर डावीकडे, पायापाशी. म्हणजे मामा.

माधवनगरला ब्लोअर थांबला. मामांनी कोल्हापुरी काढून टोला हाणला, सुरू. बुधगावला पुन्हा थांबला, पुन्हा कोल्हापुरी. कवलापूरजवळ एका दणदणीत खड्ड्यात तो आपणहून सुरू झाला. पुढे जरा गुळगुळीत रस्ता लागला, तशी मागून आत्यांची सूचना आली, "अरे, खड्ड्यातनं घे की!"

अक्षता पडता पडता पोचलो. उजव्या पायात चप्पल आणि डाव्या पायातली हातात, अशा थाटात मामा मांडवात शिरले. नवऱ्या मुलाच्या काकांनी उशिराचं कारण विचारलं.

"काय नाही हो," मामा म्हणाले, "गॅस संपला होता."