टाइपऑफकाका

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक टाइपऑफकाका असतोच. चाळिशी उलटलेली, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आणि कुठल्याही व्हॅल्यूवर काडीचा विश्वास नाही. मशीनने कपात ओतलेली कॉफीसुद्धा तो आधी हुंगून बघतो. (ती शंका मात्र रास्त असते.)

नवं पोरगं जावास्क्रिप्टमध्ये कॉलबॅक लिहीत असलं की काका मागे येऊन उभा. "हे फंक्शनच आहे कशावरून?"

"काका, मीच लिहिलंय की वरती."

"तू लिहिलंस रे. पण उद्या दुसऱ्या कुणी भलतंच पाठवलं तर?"

पोरगं टाइपऑफ लावतं. उत्तर येतं 'फंक्शन'. इथे शहाणा माणूस जेवायला जाईल. काका खुर्ची ओढून बसतो. "इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये साध्या अलर्टचा टाइपऑफ 'ऑब्जेक्ट' यायचा, माहितीये?" इंटरनेट एक्सप्लोरर ११ लाही मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या जूनमध्ये निरोप दिला, पण काकाचं सुतक काही फिटत नाही. एकेकाळी क्रोम रेग्युलर एक्स्प्रेशनलाही 'फंक्शन' म्हणायचा, हे तर तो भाऊबंदकीतलं जुनं प्रकरण उकरावं तसं, आवाज खाली आणून सांगतो.

"मग इन्स्टन्सऑफ लावू?"

"आणि आयफ्रेममधून आलं तर? तिथलं घराणं वेगळं. अस्सल फंक्शन असून 'नाही' म्हणेल."

"टूस्ट्रिंगने बघू?"

"असिंक फंक्शन दिलंस की 'असिंकफंक्शन' म्हणून येईल. हुकलास."

पोरगं हट्टाला पेटतं आणि २०२० साली भाषेत आलेली प्रश्नचिन्ह-टिंबाची युक्ती काढतं: फंक्शन असेल तर चालव, नसेल तर गप्प बस. काका हसतो. "नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच गप्प बसेल. बेचाळीस आकडा पाठव, बोंबलतं की नाही बघ." बोंबलतंच.

एव्हाना कँटीनमधली भाजी संपलेली असते. काका उठतो, सगळं पुसायला लावतो आणि म्हणतो, "टाइपऑफच ठेव. आजकालच्या ब्राउझरांत तेच बरं."

तुमच्या कंपनीत असा काका असेल, तर जेवणाच्या सुट्टीआधी क्लासचा विषय तेवढा काढू नका. टाइपऑफ क्लासलाही 'फंक्शन'च म्हणतो, आणि न्यू न लावता त्याला कॉल केलं की एरर येतो. त्यावर काकाकडे अजून उतारा नाही.