तात्पुरत्या सिस्टरला जास्त पैसे द्या

लोकम, म्हणजे तात्पुरतं बदली काम, करून चांगली कमाई करणाऱ्या डॉक्टरकडे किंवा एजन्सीमार्फत ड्युट्या घेणाऱ्या नर्सकडे आपल्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं जातं. सेवा सोडून पैशामागे लागले, असा सूर असतो. मला तो मुळीच मान्य नाही. ज्याला पगारी रजा नाही, आजारी पडलं की त्या दिवसाचे पैसे गेले, पेन्शनचं नाव नाही आणि पुढच्या महिन्यात काम असेल याचा भरवसा नाही, त्याने कायम नोकरीतल्या माणसापेक्षा जास्त दर मागितला तर त्यात हाव कसली? जे मिळत नाही त्याची भरपाई तो मागतो आहे.

ऑस्ट्रेलियाने हा हिशेब सरळ नियमात बसवला. तिथे कॅज्युअल नर्सला पगारी रजा नाही, म्हणून तासाच्या मूळ दरावर 25 टक्के जादा मिळतात. अमेरिकेतल्या ट्रॅव्हल नर्सचा करार साधारण 13 आठवड्यांचा असतो, आणि कोविडच्या पहिल्या लाटेत न्यूयॉर्कसाठी आठवड्याला 10 हजार डॉलरपर्यंतच्या जाहिराती निघाल्या होत्या. लाट ओसरली, दरही उतरले. पण जीव धोक्यात घालून अनोळखी शहरात कोविड वॉर्ड सांभाळायला गेलेल्या बाईला त्या आठवड्यांत तिच्या कामाचं मोल मिळालं, याचा मला आनंदच आहे.

इंग्लंडची गोष्ट जास्त बोलकी आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, एजन्सीच्या दरांवर 2015 च्या नोव्हेंबरमध्ये मर्यादा घातली. तरीही 2022-23 या वर्षात एजन्सीच्या मनुष्यबळावर सुमारे साडेतीन अब्ज पौंड गेले. कायमच्या जागा रिकाम्या आणि वॉर्ड तर चालवायचाच, मग दुसरं काय होणार? एजन्सी मधल्या मध्ये आपला वाटा काढते, हे वाईटच. रोज नवी नर्स आली तर पेशंटची नस ओळखणारं कुणी उरत नाही, हे त्याहून वाईट. पण एक गोष्ट तिथे घडते: तात्पुरता माणूस महाग पडला की तिजोरीला चटका बसतो, आणि चटका बसला की कायमच्या जागा भरण्याची चर्चा थेट पार्लमेंटपर्यंत जाते.

आपल्याकडे हा चटकाच बसत नाही, कारण आपण तात्पुरत्या माणसाला स्वस्त करून ठेवलं आहे.

सगळ्यांना नाही. शहरातला भूलतज्ज्ञ सकाळी एका हॉस्पिटलात, दुपारी दुसऱ्यात केस करतो आणि केसमागे पैसे घेतो. ते योग्यच आहे, त्याच्या हातात पेशंटचा श्वास असतो. ग्रामीण भागात तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून राष्ट्रीय आरोग्य अभियानात, एनएचएममध्ये, राज्यांना एक मुभा आहे: ‘तुम्ही आकडा सांगा, आम्ही देतो.’ सिझेरियनसाठी बोलावलेल्या डॉक्टरला वेगळं मानधन देण्याचीही सोय आहे. म्हणजे गरजेच्या माणसाला त्याच्या अटीवर बोलवावं लागतं, हे सरकारला नीट कळतं.

मग त्याच अभियानातल्या नर्सला, एएनएमला, लॅब टेक्निशियनला आकडा कुणी विचारला? अभियान 2005 मध्ये सुरू झालं. तेव्हापासून करार, मग नवा करार, मध्ये सेवेत तांत्रिक खंड, की पुन्हा करार. बाजूच्या टेबलावरची कायम सिस्टर तीच इंजेक्शनं देते, तीच नाइट करते आणि पगार घेते कितीतरी जास्त. एकाच कामात अस्थिर माणसाला कमी आणि स्थिर माणसाला जास्त, हा उलटा हिशेब आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे आणि त्यांना त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2016 मध्ये पंजाबच्या खटल्यात सांगितलं. अभियानात दहा वर्षं सेवा झालेल्यांना कायम सेवेत सामावून घेण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने मार्च 2024 मध्ये काढला. तो अमलात आणा, एवढं सांगायला एनएचएमच्या कर्मचाऱ्यांना ऑगस्ट 2025 मध्ये संपावर जावं लागलं. स्वतःच्याच निर्णयासाठी सरकारने लोकांना रस्त्यावर बसवणं लाजिरवाणं आहे.

खासगीत तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने 2016 मध्येच शिफारस केली होती की 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान 20 हजार रुपये मिळावेत, आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. शिफारस कागदावर आहे. आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला तिचा पगार विचारा, उत्तर ऐकून मान खाली जाईल. मग ती मुलगी जर्मन शिकायला लागते, आयर्लंडची परीक्षा देते, आणि आपण म्हणतो नर्सेस मिळत नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जी जागा वर्षाचे बारा महिने लागते ती कायमस्वरूपी भरा. खरोखरच काही दिवसांसाठी माणूस हवा असेल, साथ आली, कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, तर बोलवा जरूर, पण कायम माणसाच्या मूळ वेतनावर किमान चतुर्थांश जादा देऊन, आणि दर आधी लेखी ठरवून. आणि लोकम करणाऱ्या, एजन्सीतून जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला, ब्रदरला, तरुण डॉक्टरला सांगते: दर मागताना संकोच करू नका. नाइटचा वेगळा मागा, सणावाराचा वेगळा मागा. तुम्ही स्वस्तात राबता म्हणूनच ती जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते.