वानखेडेची नजर आणेवारी

आयपीएल २०२५ चे पहिले पाच सामने झाले, एक जिंकला, चार गेले. महसुली हिशोबाने मुंबई इंडियन्सची आणेवारी २० पैसे भरली आणि ५० पैशांखाली दुष्काळच म्हणतात. पण मृग कोरडा गेला म्हणून लातूरकराने कधी तिफण मोडलेली नाही. २०१३ पासून २०२५ पर्यंत मुंबईने सलामीचा एकही सामना जिंकला नाही; त्याच काळात करंडक मात्र पाच वेळा नेला. २०१५ ला तर पहिले चार सामने हरून नेला. दुबार पेरणीवर एवढी श्रद्धा कृषी खात्याचीही नसेल. २०२२ ला पहिले आठ हरून हाच संघ तळाला गेला, हे पारावर कोणी काढत नाही.

आता पाहणी. रोहित शर्मा : ०, ८, १३, १७. चार डाव, ३८ धावा; लखनौला गुडघ्यामुळे बाहेरच. संघात राखल्याचा भाव १६ कोटी ३० लाख. आमच्या सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पण ओलावा १२ टक्क्यांवर गेला की केंद्रावरून पोतं माघारी. रोहितचा ओलावा कोणी मोजलाच नाही.

उगवलं ते स्वस्तातलं बियाणं. अश्वनी कुमार, ३० लाख : पदार्पणातच कोलकात्याचे चार गडी. विघ्नेश पुथूर, तोही ३० लाखांचा : पदार्पणात चेन्नईचे तीन. महागडी बॅग दगा देते आणि घरचं बियाणं तरारतं, हे आम्हाला नवं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा महागडीच बॅग घेतो, हेही नाही.

तिलक वर्मा लखनौविरुद्ध २३ चेंडूंत २५ वर होता, तर उभ्या पिकात नांगर घालून त्याला परत बोलावलं. पुढच्याच सामन्यात बंगळुरूसमोर त्याच रानातून २९ चेंडूंत ५६ निघाल्या. दोन्ही सामने बरोबर १२ धावांनी गेले. बुमराह पाचव्या सामन्याला हजर झाला. केंद्रीय पथकाच्या मानाने लवकरच म्हणायचं.

नांदेडचे आमचे दाजी हैदराबादवाले. पहिल्याच सामन्यात त्यांच्याकडे २८६ धावांची ढगफुटी झाली. मुंबईने सोडलेल्या ईशान किशनने नाबाद १०६ केल्या, तसा दाजींचा फोन : "काय पाव्हणं, तुमचं बियाणं आमच्या रानात उगवलं की!" त्यानंतर किशन ०, २, २, १७ आणि हैदराबाद सलग चार हरलं. आता दाजी फोनवर फक्त विष्णुपुरी धरणाच्या पाण्याची चौकशी करू देतात.

पाण्यावरून आठवलं. मराठवाड्याने वानखेडेवर एकदाच वचक बसवला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात पोचली आणि त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. अंतिम सामनासुद्धा बंगळुरूला गेला. लातूरने मुंबईचं पाणी तोडल्याची इतिहासातली ही एकमेव नोंद.

तेव्हा शासनाला एकच विनंती. हमीभाव, अनुदान, पथक, काही नको. यंदा लातूरच्या बाजार समितीतला सौदा बंद ठेवा आणि आमचं सोयाबीन आयपीएलच्या लिलावात काढा. तिथे एकदा बोली लागली की पीक येवो न येवो, भाव उतरत नाही!