हिरवं सोवळं

सोवळ्याचे नियम पूर्वी आजी घालून द्यायची. हल्ली ते फोनवर येतात आणि नातू ते आजीपेक्षा कडक पाळतो. पुण्याहून चेन्नईला एम.टेक. करायला गेलेला आपला विद्यार्थी घ्या. हा कुणी एक माणूस नव्हे. दक्षिणेतल्या कुठल्याही मोठ्या वसतिगृहात मजल्यागणिक एकतरी सापडावा, असा हा नमुना आहे. पृथ्वी तापते आहे हे त्याला मनापासून पटलंय, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याने शुद्धीची सामग्री मागवली: बांबूचा टूथब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, तो स्ट्रॉ धुवायचा चिमुकला ब्रश आणि करवंटीचा वाडगा. करवंटी, चेन्नईत, ऑनलाइन. ज्या मेसमध्ये तो रोज दोन वेळ चटणी खातो, तिच्या मागच्या अंगाला करवंट्यांचा ढीग कमरेइतका असतो.

स्ट्रॉचं उद्घाटन शहाळ्यावर झालं. विद्यार्थी नळी काढून पुसत होता, तेवढ्यात शेजारच्या रिक्षावाल्या अण्णाने शहाळं दोन्ही हातांनी उचललं, मान मागे टाकली आणि ओठ न लावता धार सरळ घशात सोडली. नळी नाही, ब्रश नाही, धुणं नाही. तमिळ घरांत पाणी आणि कॉफी अशी वरून पिण्याची रीत जुनीच. ओठ लागला की भांडं उष्टं. त्यामागे शिवाशिवीचा जो इतिहास आहे तो मिरवण्यासारखा नाही, पण प्लास्टिकबंदीची एवढी स्वस्त अंमलबजावणी कुठल्याही मंत्रालयाला जमलेली नाही.

मग पिशवी. तमिळनाडूने एकदा वापरून फेकायच्या चौदा प्लास्टिक वस्तूंवर १ जानेवारी २०१९ पासून बंदी घातली. महाराष्ट्राची बंदी त्याआधी जून २०१८ मध्येच अमलात आली होती. ती किती पाळली जाते हे वाचकांनी आपापल्या भाजीवाल्याला विचारावं. २३ डिसेंबर २०२१ रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी ‘मींडुम मंजप्पै’, म्हणजे ‘पुन्हा पिवळी पिशवी’ अशी मोहीमच काढली. लग्नात नारळ-विडा घालून पाहुण्यांच्या हाती द्यायची ती ही सुती पिशवी. मधल्या काळात प्लास्टिक आलं आणि पिवळी पिशवी काखोटीला मारून मद्रासला उतरणारा माणूस तमिळ सिनेमात हसण्यावारी गेला. आता तिला राजमान्यता मिळाली आहे. कोयंबेडूच्या घाऊक बाजारात २०२२ मध्ये यंत्र बसलं: दहा रुपये टाका, पिशवी घ्या.

विद्यार्थ्याने घेतली. शिवाय ‘पृथ्वी वाचवा’ छापलेल्या पिशव्या त्याला परिषदेत मिळाल्या, परिसंवादात मिळाल्या, खातं उघडताना मिळाल्या. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये असा हिशेब मांडला होता की, साध्या प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी परवडायची, तर नुसत्या हवामानासाठी ती पन्नासेक वेळा वापरली पाहिजे, आणि पाणी, खतं वगैरे सगळे निकष धरले तर सुमारे सात हजार शंभर वेळा. रोज एकदा म्हटलं तरी एका पिशवीला एकोणीस वर्षं. एम.टेक. दोन वर्षांत संपतं.

बंदीच्या यादीला अपवादही होते. दूध, दही, तेल आणि औषधं यांची वेष्टनं बंदीतून वगळली गेली. म्हणजे पिवळी पिशवी घेऊन दुकानात जायचं आणि तिच्यात प्लास्टिकची दुधाची पिशवी घालून आणायची. दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे अनामत ठेवून ती परत घेण्याची योजना महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केली होती. आपल्यापैकी कितीजणांना असे पन्नास पैसे परत मिळाले, त्यांनी हात वर करावा. तमिळनाडूने मात्र दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. निलगिरीच्या जंगलात फुटक्या बाटल्यांच्या काचा हत्तींच्या पायांत घुसतात म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने फर्मावलं, आणि तिथल्या सरकारी दारू दुकानांत २०२२ पासून बाटलीमागे दहा रुपये जास्त घेऊ लागले. रिकामी बाटली आणून दिली की दहा रुपये परत. बाटल्या भराभर परत येऊ लागल्या. पुढे ही योजना इतर जिल्ह्यांतही गेली. कुणालाही शपथ घ्यावी लागली नाही, प्रभातफेरी काढावी लागली नाही. दूध पिणाऱ्या सज्जनांकडून अजून जे झालेलं नाही ते झिंगलेल्या माणसाने दहा रुपयांसाठी करून दाखवलं.

दूधच बंद करायचं, हा यावर विद्यार्थ्याचा तोडगा. चेन्नईत दूध सोडणं म्हणजे फिल्टर कॉफी सोडणं, तुपाचं पोंगल सोडणं आणि ताटाच्या शेवटी येणारा तो दहीभात सोडणं, ज्याच्याशिवाय जेवण संपलं हे इथल्या पोटांना कळतच नाही. मेसमधल्या अक्काने दह्याचा डाव पुढे केला, त्याने ताटावर हात धरला. ‘विरदमा?’ म्हणून तिने विचारलं, म्हणजे उपवास आहे का. ‘व्हेगन’ समजावून सांगण्याइतकं तमिळ येत नसल्यामुळे त्याने मान डोलावली. तेव्हापासून अक्काच्या लेखी तो फार धार्मिक मुलगा आहे.

तसा तो पुण्याहून निघाला तेव्हा निर्धास्त होता. मद्रास म्हणजे इडली-सांबार, म्हणजे शाकाहाराचं माहेर, हे ज्ञान त्याला उडप्याच्या हॉटेलातून झालेलं. जनगणना आयुक्तालयाच्या २०१४ च्या पाहणीत तमिळनाडूतले ९७ टक्क्यांहून जास्त लोक सामिष खाणारे निघाले. महाराष्ट्रात शाकाहारी सुमारे ४० टक्के. शाकाहाराचा डंका पिटायचाच, तर तो डेक्कनवर पिटावा. कासिमेडूच्या मासळी बंदरावर त्याचा आवाज लाटांतच विरेल.

आणि डंका पिटण्यात इथे एक गोम आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मद्रासच्या आयआयटीतल्या एका खानावळीत शाकाहारी आणि मांसाहारी विद्यार्थ्यांनी जायचं-यायचं दार वेगळं, हात धुवायचं बेसिन वेगळं, अशा पाट्या लागल्या. विद्यार्थ्यांनी बोंब मारल्यावर त्या उतरल्या. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत ‘फक्त शाकाहारी’ असे कागद चिकटले, मग मेसमध्ये सहा टेबलं राखून ठेवली गेली आणि तिथे बसून निषेध नोंदवणाऱ्यांना दहा हजार रुपये दंडाचा फतवा निघाला. यांपैकी एकाही पाटीवर पृथ्वी तापवणाऱ्या मिथेनचा उल्लेख नव्हता. आपल्या विद्यार्थ्याचं सोवळं नवं, हिरवं आणि आकडेवारीवर उभं असलं, तरी लांबून पाहणाऱ्याला तो त्याच वेगळ्या बेसिनकडे चाललेला दिसतो. म्हणून खोलीवरच्या सहनिवासी मित्राला चिकन बिर्याणीवरून उपदेश करताना त्याची थोडी पंचाईत होते.

आकडेवारी त्याला तोंडपाठ आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये ११९ देशांतल्या ३८ हजारांहून अधिक शेतांचा लेखाजोखा मांडला. त्यात गोमांस आणि मटण सर्वांत वर, डाळी-कडधान्यं तळाशी; आणि माल किती लांबून आला यापेक्षा काय पिकवलं याला जास्त महत्त्व. ही यादी खाली वाचत गेल्यावर मात्र तिच्यात गैरसोयीच्या गोष्टी भेटतात. पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो हे विद्यार्थ्याने वाचलं, तेव्हा त्याचा तिसऱ्यांदा भात घेऊन झाला होता. दुधाऐवजी आणलेले बदाम बहुधा कॅलिफोर्नियाचे असतात, आणि बदामाच्या झाडाला प्यायला पाणी फार लागतं. उलट थव्याने जाळ्यात येणारी स्वस्त मत्ती, म्हणजे आपली तारली, पकडायला इंधन कमी जातं. तिच्या किलोमागचा कार्बन पनीरच्या तुलनेत अगदीच मामुली. कासिमेडूची कोळीण आपल्या टोपलीवर असली पाटी लावत नाही, म्हणून तिच्याकडे ‘सस्टेनेबल’ गिऱ्हाईक फिरकत नाही.

भात नको तर भरड धान्य. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष ठरवलं, आणि चेन्नईच्या कॅफेंत राळ्याचे, नाचणीचे ‘बाऊल’ आले. याच शहरात तरमणीला एम. एस. स्वामिनाथन यांची संस्था १९८८ पासून आहे. ज्या शास्त्रज्ञाने देशाला गव्हा-तांदळाने तारलं, त्याच्याच संस्थेने पुढे कोल्ली डोंगरातल्या आदिवासींची विस्मरणात चाललेली भरड धान्यं जपायचं काम हाती घेतलं. एवढा फेरा घालून धान्य विद्यार्थ्याच्या वाडग्यात पोचलं आणि त्याने त्याचा फोटो काढला. कॅफेच्या बाहेर हातगाडीवर कंबूचं कूळ होतं: बाजरीची आंबवलेली आंबील, ताक घालून पातळ केलेली, सोबत छोटे कांदे, कैरीची फोड आणि तळलेली ताकातली मिरची. वाढायला स्टीलचं भांडं, तेच धुऊन पुढच्याला. गाडीवर रांगेत बांधकामावरचे मजूर होते. विद्यार्थ्याने त्यांचाही फोटो काढला.

‘अम्मा उणवगम’मध्ये तर तो गेलाच नाही. जयललितांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या या महापालिकेच्या खानावळींत इडली एक रुपयाला, सांबारभात पाच रुपयांना आणि दहीभात तीन रुपयांना मिळू लागला. थाळी स्टीलची, खायचं उभ्याने, आणि पार्सल नाही असा नियम. म्हणजे डबा नाही, चमचा नाही, सॉसची पुडी नाही, मोटारसायकलवरचा मुलगा नाही. शून्य कचऱ्यावर प्रबंध लिहायचा तर तो इथे एका सकाळीत लिहून होईल. पण बाहेर ‘ऑरगॅनिक’ असं काही लिहिलेलं नव्हतं.

पाण्याच्या बाबतीतही त्याने व्रत घेतलंय: शॉवर बंद, बादलीने अंघोळ. ते त्याने तीनदा पोस्ट केलं. चेन्नईकरांनी हे व्रत २०१९ च्या उन्हाळ्यात सक्तीने केलं होतं. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळपास कोरडे पडले, आयटी कंपन्यांनी माणसांना घरूनच काम करा म्हणून सांगितलं, आणि १२ जुलैला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर पाणी आगगाडीने आलं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी ज्यांना आठवते, त्यांना वेगळं सांगायला नको. रंगीबेरंगी प्लास्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, घेऊन बायका मध्यरात्री टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. ती प्लास्टिकची घागर वर्षानुवर्षं वापरात असते, हे आपल्या विद्यार्थ्याच्या प्लास्टिकमुक्तीच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात भरायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

हे तक्ते त्याला कुणी दिले? बीपी या तेल कंपनीने २००४ मध्ये लोकांना आपापला कार्बन मोजायचं साधन दिलं, हा खनिज तेलाच्या इतिहासातला सर्वांत विनम्र प्रसंग असावा. आपल्या सरकारने २०२२ मध्ये ‘मिशन लाइफ’ काढलं, त्यात नागरिकाने करायच्या ७५ कृती आहेत: कापडी पिशवी न्या, भरड धान्य खा, सिग्नलला इंजिन बंद करा. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरानंतर उत्तर चेन्नईत एण्णूरच्या खाडीत तेलाचा तवंग पसरला, तेव्हा मच्छीमारांनी तो बादल्या आणि मग घेऊन हातांनी उपसला. ही कृती त्या ७५ मध्ये नाही. कर्नाटक संगीतातले गायक टी. एम. कृष्णा यांनी २०१७ मध्ये याच खाडीबद्दल गाणं म्हटलं होतं, औष्णिक केंद्राच्या राखेत उभं राहून. विद्यार्थ्याने ते गाणं ऐकलंय. वातानुकूलित वाचनालयात, चोवीस अंशांवर, कारण यादीत तसं आहे.

सत्राअखेरीस त्याने ‘वसतिगृहातील शाश्वत जीवनशैली’ या विषयावर प्रकल्प केला. अभ्यास चांगला झाला. मेसमध्ये ताटात किती अन्न वाया जातं ते त्याने रोज रात्री स्वतः वजनकाट्यावर तोललं, आणि दही पाकिटांऐवजी कॅनमधून घ्यावं अशी सूचना केली. अहवाल घेऊन तो विभागाच्या कार्यालयात गेला. कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं आणि नियमांचा कागद पुढे सरकवला: तीन प्रती, कागदाच्या एकाच बाजूला छपाई, ओळींमध्ये दुप्पट अंतर, स्पायरल बाइंडिंग, पुढे-मागे पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, सोबत सीडी, तीही कडक डबीत. दोन्ही बाजूंनी छापलेला चालणार नाही का, असं त्याने विचारून पाहिलं. ‘तंबी,’ ते म्हणाले, ‘बाहेरचा परीक्षक काय म्हणेल?’ झेरॉक्सवाल्याने तिन्ही प्रती अर्ध्या तासात करून दिल्या. दहीवाली सूचना पान ८४ वर आहे.